गाठीतला जिवाणू, अहवालातले नाव

या महिन्याच्या टपालात जिवाणूंच्या ‘१६ एस’ अहवालांविषयीची पत्रे बरीच आहेत. प्रयोगशाळेकडून पानभर अक्षरे येतात, खाली एक लॅटिन नाव असते आणि त्या नावाचे करायचे काय ते कोणी सांगत नाही. उत्तरांआधी शब्दांचा खुलासा. ‘१६ एस’ हे सगळ्या जिवाणूंत असणारे एक जनुक; त्यातल्या डीएनएच्या अक्षरांचा क्रम वाचून जिवाणू ओळखतात. पाठ्यपुस्तके जीनसला ‘प्रजाती’ आणि स्पीशीजला ‘जाती’ म्हणतात. वर्तमानपत्रे स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. हा घोळ नको म्हणून इथे जीनस आणि स्पीशीज हेच शब्द ठेवले आहेत.

प्रश्न : आमचा गट सोयाबीनसाठी रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र बांधणारा जिवाणू) स्वतः तयार करू पाहतो. आमच्याच वावरातल्या मुळांवरच्या गाठींतून पाच कल्चर (प्लेटवर वाढवलेले जिवाणू) काढून १६ एस तपासणीला पाठवली. दोन ब्रॅडिरायझोबियम जपोनिकम निघाली (साम्य ९९.६ टक्के), एक ॲग्रोबॅक्टेरियम, एक बॅसिलस सेरेयस आणि एक ब्रुसेला अँथ्रोपी. पशुवैद्यक सांगतात की ब्रुसेलाने जनावरे गाभडतात. तो गाठीत आला कुठून? प्रयोगशाळा चुकली का? — शेतकरी गट, दर्यापूर तालुका

आधी ब्रुसेलाचे सांगतो, कारण घोर त्याचाच लागला असणार. गाई-म्हशी गाभडतात त्या ब्रुसेला ॲबॉर्टसमुळे. शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिस असतो. तुमच्या अहवालातला अँथ्रोपी २०२० पर्यंत ऑक्रोबॅक्ट्रम अँथ्रोपी म्हणून ओळखला जाई. माती आणि मुळांभोवतीचा तो नेहमीचा रहिवासी. त्या वर्षी जीनोमच्या (जिवाणूच्या सगळ्या डीएनएच्या) तुलनेवरून ऑक्रोबॅक्ट्रम हा अख्खा जीनस ब्रुसेलात घातला गेला आणि मातीतल्या या जिवाणूला एका बदनाम घराण्याचे नाव लागले. या नामांतराला बऱ्याच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचा विरोध आहे, आणि तुमचे पत्र वाचल्यावर तो रास्त वाटतो.

तरी अहवालात दोन आकडे पाहून घ्या: वाचलेल्या क्रमाची लांबी १,३०० अक्षरांहून जास्त आहे का, आणि अँथ्रोपीशी साम्य ९९ टक्क्यांच्या वर आहे का. खऱ्या ब्रुसेलाचा आणि अँथ्रोपीचा १६ एस क्रम फार वेगळा नसतो, त्यामुळे अर्धवट क्रमावर गल्लत होऊ शकते. आकडे कमी असतील तर ती प्लेट उघडू नका, हुंगू तर मुळीच नका. ब्रुसेलाची लागण प्रयोगशाळेत मुख्यतः श्वासावाटे होते. आकडे ठीक असले तरी हे कल्चर खतात जाऊ देऊ नका, कारण प्रतिकारशक्ती खालावलेल्या, शिरेत नळी असलेल्या रुग्णांत अँथ्रोपीचे संसर्ग झालेले आहेत. १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली, २० मिनिटे ऑटोक्लेव्ह करून ते टाकून द्या. बॅसिलस सेरेयसचीही तीच वाट. शिळ्या भाताने होणाऱ्या विषबाधेमागे तोच असतो.

प्रयोगशाळा चुकलेली दिसत नाही. तुम्ही जे पाठवले ते तिने वाचले. गाठ म्हणजे काही एकट्या रायझोबियमची खोली नव्हे. तिच्या सालीवर आणि आतही ॲग्रोबॅक्टेरियम, बॅसिलस, सुडोमोनास हे पाहुणे असतात आणि प्लेटवर ते यजमानाआधी उगवतात. चूक बहुधा वसाहत (प्लेटवर उगवलेला जिवाणूंचा ठिपका) उचलताना झाली. ब्रॅडिरायझोबियम, म्हणजे सोयाबीनचा रायझोबियम, फार सावकाश वाढतो. २८ अंशांवर त्याची ठिपक्याएवढी वसाहत दिसायलाच सहा ते आठ दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी प्लेटवर जे फुगून चकाकते ते ब्रॅडिरायझोबियम नसते, आणि घाईत नेमके तेच उचलले जाते.

पुढच्या वेळी असे करा. फुलोऱ्यातले झाड मातीसकट खणून काढा, उपटू नका. टणक आणि कापल्यावर आतून गुलाबी दिसणाऱ्या गाठींच्याच बाजूच्या अखंड गाठी निवडा. गाठीच्या दोन्ही अंगांना मुळाचा अर्धा सेंटिमीटर तुकडा राहू द्या, नाहीतर निर्जंतुक करणारे द्रावण जखमेतून आत शिरते आणि आतला जिवाणूच मारते. आधी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये दहा सेकंद (याने पृष्ठभागावरचे हवेचे बुडबुडे जातात), मग ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये तीन-चार मिनिटे, मग निर्जंतुक पाण्याने सहा वेळा धुवा. जुन्या पुस्तकांत ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइड दिलेले असते. तो पारा आहे, गटाच्या खोलीत आणू नका. शेवटच्या धुण्याचे पाणी एका वेगळ्या प्लेटवर पसरा. त्या प्लेटवर काही उगवले तर धुणे कमी पडले, त्या दिवसाच्या सगळ्या प्लेट बाद. ही एक प्लेट बहुतेक जण वाचवतात आणि पुढे तपासणीचे पैसे घालवतात.

गाठ निर्जंतुक चिमट्याने पाण्याच्या थेंबात चिरडून यीस्ट-मॅनिटॉल आगरवर रेघा ओढा. लिटरला मॅनिटॉल १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.५, मॅग्नेशियम सल्फेट ०.२, मीठ ०.१ आणि आगर १५ ग्रॅम. त्यात काँगो रेड २५ मिलिग्रॅम. प्लेट अंधारात ठेवा. रायझोबियमच्या वसाहती पांढुरक्या किंवा फिक्या गुलाबी राहतात, बरेचसे पाहुणे लाल रंग पितात. पण प्लेट उजेडात ठेवली तर रायझोबियमही रंग घेतो आणि फरक कळेनासा होतो. काँगो रेडऐवजी ब्रोमोथायमॉल ब्लू घातले तर ब्रॅडिरायझोबियम माध्यम निळे करतो आणि झपाट्याने वाढणारे रायझोबियम पिवळे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे उगवेल त्याभोवती काचेच्या मागून मार्करने गोल करून ठेवा, आणि सहाव्या दिवसानंतर गोलाबाहेरची वसाहत उचला. तीच वसाहत पुन्हा दोनदा रेघा ओढून शुद्ध केल्याशिवाय तपासणीला जाऊ देऊ नका.

राहिली दोन जपोनिकम. त्यांचा जीनस ब्रॅडिरायझोबियम आहे यावर विश्वास ठेवा, स्पीशीजवर ठेवू नका. सोयाबीनवर गाठी करणारे जपोनिकम, डायझोएफिशियन्स, लियाओनिंजेन्स, युआनमिंजेन्स यांचे १६ एस क्रम इतके जवळचे आहेत की ९९.६ टक्के साम्य यांपैकी एकाहून अधिकांशी जुळू शकते. जगभर वापरला जाणारा यूएसडीए ११० हा स्ट्रेन (जिवाणूचा वाण) कित्येक वर्षे जपोनिकम म्हणून गाजला आणि २०१३ साली डायझोएफिशियन्स या वेगळ्या स्पीशीजमध्ये गेला. स्पीशीज ठरवायची असेल तर रेक-ए, ग्लन-टू, एटीपी-डी अशी पेशीचा रोजचा कारभार सांभाळणारी दोन-तीन जनुके वाचून घ्यावी लागतात. नॉड-सी किंवा निफ-एच यांवरून स्पीशीज ठरवू नका. गाठ करण्याची आणि नत्र बांधण्याची ही जनुके एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात. न्यूझीलंडमध्ये मेसोरायझोबियम या गाठी करणाऱ्या दुसऱ्या जीनसच्या बाबतीत ते शेतातच घडलेले सापडले.

पण तुम्हाला बियाण्याला लावायचे आहे. त्यासाठी नावापेक्षा गाठ होते की नाही हे महत्त्वाचे. निर्जंतुक वाळूच्या कुंड्यांत, नत्र नसलेल्या पोषणद्रावणावर सोयाबीन वाढवा. काहींना कल्चर द्या, काहींना नको. २८-३० दिवसांनी मुळे धुवा. बिनकल्चरच्या झाडाला एकही गाठ नसावी. असेल तर वाळू किंवा पाणीच दूषित आहे आणि सगळे पुन्हा करावे लागेल. एक सूचना राहिली: विकायला काढणार असाल तर खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीत ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरला १० कोटी जिवंत पेशी लागतात. १६ एस अहवाल हा आकडा देत नाही.

प्रश्न : प्रयोगशाळेने दोन फाइली पाठवल्या, एक ‘२७ एफ’ आणि एक ‘१४९२ आर’. पहिली जशीच्या तशी ब्लास्टमध्ये टाकली तर ‘अनकल्चर्ड बॅक्टेरियम’ आले. आता काय करू? — बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, पुसद

१६ एस जनुक सुमारे १,५०० अक्षरांचे आणि एका वाचनात चांगली अक्षरे मिळतात ती ७०० ते ९००. म्हणून दोन्ही टोकांनी वाचतात. ‘२७ एफ’ आणि ‘१४९२ आर’ ही त्या दोन टोकांच्या प्रायमरची, म्हणजे वाचन जिथून सुरू होते त्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची, नावे. दोन्ही फाइली जोडल्याशिवाय जनुक पूर्ण होत नाही.

फाइल अक्षरांची न उघडता आलेखाची उघडा (नावाशेवटी एबी१ असलेली). सुरुवातीची ३०-४० अक्षरे नेहमीच गिचमिड असतात, ती कापा. शेवटाकडे शिखरे बुटकी आणि पसरट होऊन एकमेकांवर चढू लागतात, तिथून पुढचे कापा. ‘आर’ची फाइल उलटी आणि पूरक करून घ्या; ही पायरी विसरली की दोन तुकडे जुळतच नाहीत. समजा एफमधून ७८० आणि आरमधून ७९० चांगली अक्षरे राहिली आणि जोडून १,४०० झाली, तर मध्ये १७० अक्षरे दोन्हींत सामाईक आहेत. त्या पट्ट्यात दोन्ही फाइली वेगळे अक्षर सांगत असतील तिथे आलेख पाहून ज्याचे शिखर स्वच्छ तो निकाल घ्या, अंदाज नको.

आलेखात एकावर एक दुहेरी शिखरे दिसली तर ती कुठे आहेत ते नीट पाहा. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळीकडे असतील तर कल्चर मिश्र आहे; पुन्हा शुद्ध करा, संगणकाने ते सुटणार नाही. एक-दोनच जागी असतील तर जिवाणूतच जनुकाच्या किंचित वेगळ्या प्रती आहेत. ई. कोलायमध्ये १६ एसच्या ७ प्रती असतात, बॅसिलस सबटिलिसमध्ये १०. आणि एका ठरावीक जागेपर्यंत आलेख स्वच्छ, तिथून पुढे सगळा दुहेरी, असे दिसले तर एका प्रतीत तिथे एखादे अक्षर जास्त किंवा कमी आहे. मग दुसऱ्या टोकाकडून त्याच जागेपर्यंत वाचलेले घ्यायचे.

आता नावाचे. ब्लास्ट हे क्रम जुळवून पाहणारे साधन. त्याच्या साध्या संग्रहात कोणीही काहीही नाव देऊन ठेवलेले क्रम असतात, म्हणून ‘अनकल्चर्ड’ (प्लेटवर न वाढवलेला) वर येते. शोध फक्त टाइप स्ट्रेनपुरता मर्यादित करा किंवा ईझी-बायोक्लाउड हे संकेतस्थळ वापरा. टाइप स्ट्रेन म्हणजे ज्यावरून त्या स्पीशीजचे वर्णन झाले तो मूळ नमुना. साम्याच्या शेजारचा कव्हरेजचा रकानाही वाचा, ९९.९ टक्के साम्य पण कव्हरेज ४५ टक्के, म्हणजे अर्धे जनुक तपासलेच गेले नाही.

नंतर मोजणी. १,४०० अक्षरांत ६ वेगळी असतील तर साम्य ९९.५७ टक्के. पूर्वी स्पीशीजची रेषा ९७ टक्क्यांवर धरत, आता ९८.७ वर धरतात. १,४०० अक्षरांत ९८.७ टक्के म्हणजे सुमारे १८ अक्षरे वेगळी. ही रेषा एकाच बाजूने चालते. साम्य ९८.७ च्या खाली असले तर स्पीशीज वेगळी असे धरता येते, पण वर असले तर ती एकच असे म्हणता येत नाही. आडनाव वेगळे तर घर वेगळे. पण गावात देशमुखांची वीस घरे असली तर नुसत्या देशमुखावरून पत्र पोचत नाही. बॅसिलस सेरेयस, बोंडअळीसाठी परिचित असलेला बॅसिलस थुरिंजिएन्सिस आणि फाशी रोगाचा बॅसिलस अँथ्रासिस या तिघांचे १६ एस जवळपास सारखेच आहे. थुरिंजिएन्सिस ओळखायचा तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या प्रथिनाच्या स्फटिकावरून आणि तो स्फटिक घडवणाऱ्या क्राय जनुकांवरून, आणि ती जनुके बहुधा प्लास्मिडवर (डीएनएच्या सुट्या वर्तुळावर) असल्याने हरवूही शकतात. ई. कोलाय आणि शिगेला यांचेही तसेच.

अहवालात स्पीशीज लिहिताना ९९ टक्क्यांत दोन-तीन टाइप स्ट्रेन बरोबरीने येत असतील तर जीनसपुढे ‘एसपी.’ (स्पीशीज ठरलेली नाही) लिहून थांबा. परीक्षकाला ते कमी वाटले तर वाटू द्या.

प्रश्न : काळ्या कपाशीच्या मातीतून डीएनए काढला, पीसीआरला पट्टाच येत नाही. शुद्ध कल्चरला येतो. — महाविद्यालयातील प्रयोगशाळा साहाय्यक, वणी

पीसीआर म्हणजे हव्या त्या जनुकाच्या असंख्य प्रती करणे, आणि पट्टा म्हणजे त्या प्रतींची जेलवर दिसणारी रेघ. डीएनएची नळी उजेडात धरा. चहाच्या पाण्यासारखा रंग असेल तर ते ह्युमिक आम्ल आहे आणि ते टॅक या प्रती करणाऱ्या एन्झाइमला काम करू देत नाही. २६०/२३० गुणोत्तर (डीएनएची शुद्धता सांगणारा आकडा) पाहिले तर तेही २ च्या बरेच खाली येईल. आधी स्वस्तातला उपाय: डीएनए दहापट आणि पन्नासपट पातळ करून पुन्हा लावा. अडथळा पातळ झाला की पट्टा येतो. नाही आला तर २५ मायक्रोलिटरच्या मिश्रणात १० मायक्रोग्रॅमपर्यंत बीएसए (अडथळा आणणारे पदार्थ धरून ठेवणारे प्रथिन) घाला, किंवा मातीसाठीची स्तंभाची किट वापरा.

चक्र असे ठेवा: ९५ अंश ५ मिनिटे, मग ९४ अंश ३० सेकंद, ५५ अंश ३० सेकंद, ७२ अंश ९० सेकंद, असे ३० फेरे, शेवटी ७२ अंश १० मिनिटे. पट्टा १.५ किलोबेसजवळ यावा. पट्टा येत नाही म्हणून फेरे ४० वर नेऊ नका. टॅक बहुधा जिवाणूतच तयार केलेले असते, त्यातला उरलासुरला डीएनए वाढून नुसत्या पाण्याच्या नळीतही पट्टा येतो. पाण्याच्या नळीत पट्टा आला की त्या दिवसाचा निकाल टाकून द्यायचा. आणि मातीतून पट्टा आला तरी तो थेट वाचायला पाठवू नका. त्यात हजारो जिवाणूंची जनुके एकत्र असतात. त्यासाठी १६ एसमधला व्ही३-व्ही४ हा सुमारे ४६० अक्षरांचा तुकडा घेऊन अँप्लिकॉन सिक्वेन्सिंग (प्रत्येक प्रत सुटी वाचणे) करतात, आणि त्यातून जीनसपर्यंतच खात्रीने पोचता येते.

प्रश्न : पऱ्हाटीवरच्या जिवाणूजन्य करप्याचा आणि धुऱ्यावरच्या कागदी लिंबाच्या खैऱ्याचा, दोन्ही अहवालांत झँथोमोनास सिट्री लिहून आले. लिंबूच करपा पसरवतो का? झाडे तोडावीत का? — शेतकरी, बार्शीटाकळी तालुका

झाडे तोडू नका. दोन्ही अहवाल बरोबर आहेत. करप्याचा जिवाणू आधी झँथोमोनास कँपेस्ट्रिस, मग ॲक्झोनोपोडिस आणि आता सिट्री या स्पीशीजमध्ये मोडतो. पण त्याची पॅथोव्हार मालव्हेसिअरम, खैऱ्याची पॅथोव्हार सिट्री. पॅथोव्हार म्हणजे कोणत्या पिकावर रोग करतो त्यावरून केलेला गट. कपाशीचा लिंबावर आणि लिंबाचा कपाशीवर रोग करत नाही. १६ एसने हे दोन वेगळे होत नाहीत. करपा बियाण्यातून आणि शेतात राहिलेल्या पऱ्हाट्यांतून पुढच्या हंगामात येतो, तेव्हा लक्ष तिकडे द्या. खैऱ्या वाऱ्यासोबतच्या पावसाने पसरतो आणि पाने पोखरणाऱ्या अळीच्या जखमांतून आत जातो.

प्रश्न : संत्र्याची पाने पिवळी पडतात. प्रयोगशाळेत कल्चर लावले, ‘काही उगवले नाही’ असा अहवाल आला. म्हणजे ग्रीनिंग नाही ना? — बागायतदार, वरुड

तसा अर्थ काढू नका. ग्रीनिंग या संत्रावर्गीय झाडांच्या रोगाचा जिवाणू नेहमीच्या प्लेटवर उगवतच नाही. त्याचे नाव ‘कॅन्डिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस’. ज्याचे शुद्ध कल्चर नाही आणि ओळख मुख्यतः जनुकक्रमावरून झाली, त्याच्या नावाआधी कॅन्डिडेटस लावतात. तपासणी पीसीआरनेच करायची. पिवळेपणा मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असेल तर बहुधा जस्ताची कमतरता. एका बाजूला वेगळा, दुसऱ्या बाजूला वेगळा डाग असेल तर ग्रीनिंगचा संशय. जिवाणू झाडात सगळीकडे सारखा नसतो, म्हणून चारी दिशांच्या फांद्यांवरची डागाळलेली पाने देठासकट घ्या. तपासायची ती मध्यशीर आणि देठ. एकाच फांदीवरून आलेल्या ‘निगेटिव्ह’वर बाग सोडू नका. आणि सायला किडीकडे पाहा, वाहक तीच आहे.

प्रश्न : लोणारचे पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झाले ते जिवाणूंमुळे असे आम्ही मुलांना सांगितले. बरोबर आहे का? — शिक्षक, मेहकर

थोडे दुरुस्त करा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली तेव्हा गुलाबी रंग हॅलोआर्किया या मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला. ते दिसायला जिवाणूंसारखे, पण जिवाणू नव्हेत. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली याच १६ एस आरएनएच्या तुलनेवरून आर्किया हा स्वतंत्र गट दाखवून दिला. तुमच्या जवळच्या महाविद्यालयाला लोणारचे पाणी तपासायचे असेल तर सांगा: २७ एफ ही जिवाणूंची प्रायमर आहे, तिने आर्किया बहुधा हातीच लागत नाहीत. त्यांच्या प्रायमर वेगळ्या.

प्रश्न : आमच्या क्रमाचे सर्वांत जवळचे साम्य ९७.९ टक्के आहे. नवी स्पीशीज म्हणून जाहीर करता येईल का? — संशोधक विद्यार्थी, बुलडाणा जिल्हा

पहिल्यांदा आलेखाची टोके पुन्हा कापून पाहा. निम्म्या ‘नव्या स्पीशीज’ तिथेच संपतात. तरी ९७.९ राहिले तर पूर्ण जीनोम वाचून घ्या आणि जवळच्या टाइप स्ट्रेनशी सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य काढा. ते ९५-९६ टक्क्यांखाली आणि डिजिटल डीएनए-डीएनए संकर (दोन जीनोमच्या जवळिकीचा संगणकाने काढलेला अंदाज) ७० टक्क्यांखाली असेल तर दावा उभा राहतो. शिवाय वाढीचे तापमान, आम्लता, मेदाम्ले यांच्या तपासण्या लागतात, आणि जिवंत कल्चर किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवून त्यांची प्रमाणपत्रे लागतात. आपल्याकडे चंदीगडचा एमटीसीसी आणि पुण्याचे एनसीएमआर आहेत. परदेशी कल्चर पाठवायला जैवविविधता कायद्याची कागदपत्रे लागतात आणि ती वेळ खातात. जीनोम वाचायला दिला त्याच आठवड्यात अर्ज करा.

प्रश्न : ट्रायकोडर्माच्या पुड्याची १६ एस तपासणी केली, बॅसिलस निघाला. फसवणूक झाली का? — कृषी सेवा केंद्रचालक, आर्वी

ट्रायकोडर्मा बुरशी आहे, तिच्या पेशीकेंद्रात १६ एस नसते. या तपासणीत ती दिसणारच नव्हती. पुड्यात बॅसिलसची भेसळ आहे एवढेच कळले. ट्रायकोडर्मासाठी आयटीएस हा डीएनएचा तुकडा किंवा, स्पीशीज हवी असेल तर, टेफ-वन हे जनुक तपासून घ्या, आणि नमुना मे महिन्यात बसच्या टपावरून पाठवू नका.